खोकल्याचे गुरुवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. धाकटीचा डांग्या खोकला माघातच बरा झाला होता. त्यानंतर नदीला पाणी येईपर्यंत मी तिला खोकत ठेवली.

ठेवली म्हणजे शिकवली. चार वर्षांच्या पोरीला खोटं खोकायला शिकवणारा बाप पंचक्रोशीत दुसरा नसावा. पण त्याला कारण होतं. ते आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतील, म्हणून जरा नीट सांगतो.

आम्ही पिंपळे गुरवचे. नदीकाठी शेत. घरात माझे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, थोरला भाऊ, मी, आमच्या बायका आणि पोरं. पलीकडच्या काठाला, पिंपरीच्या माळावर, तेव्हा कारखाने नुकते येऊ लागले होते. त्यातल्या औषधाच्या एका कारखान्यात मी बाटल्या धुण्याच्या खात्यात लागलो होतो. सातवी पास असल्याचा तेवढा उपयोग झाला. मला दोन मुली. थोरली आठ वर्षांची, धाकटी चार.

आता आमच्या घरची रीत अशी, की वडीलधाऱ्यांदेखत बापानं आपल्या पोराला उचलून घ्यायचं नाही. जवळ घेणं लांबच राहिलं, नाव घेऊन हाकसुद्धा मारायची नाही. आबा म्हणायचे, "आपलं पोर आपणच काय मिरवायचं? गावाला ठाऊक हाय कुणाचं ते." पुतण्याला घेतलं तर मात्र चालायचं. त्यामुळे आम्ही दोघा भावांनी न बोलता अदलाबदल करून टाकली होती. भाऊ माझ्या पोरींना खेळवायचा, मी त्याच्या पोराला. ते पोर अंगानं असं भरलेलं, की त्याला कडेवर घेऊन माझा खांदा निखळायची वेळ यायची, आणि माझी धाकटी तिथंच पायाशी मातीत खेळत असायची. ती धडपडून रडायला लागली तर मी आत तोंड करून ओरडायचो, "अगं, कुणाची पोरगी रडतीया, बघा जरा!" कुणाची! माझं नाक तिच्या तोंडावर जसंच्या तसं बसवलेलं होतं.

एकच सूट होती. आजारी पोराला दवाखान्यात न्यायला बाप चालायचा.

त्या वर्षी मार्गशीर्षात धाकटीला डांग्या खोकला लागला. खोकून खोकून पोरगी निळी पडायची. घरचे उपाय झाले, शेजारणींचे झाले, आणि शेवटी आबाच म्हणाले, "भावाला मोट हाय. तुला गुरवारी सुट्टी असती न्हवं? तूच जा घिऊन कॅम्पातल्या डागदरकडं."

कॅम्प म्हणजे पिंपरीची निर्वासितांची वसाहत. फाळणीनंतर सिंधी मंडळी तिथं येऊन राहिलेली. एका बराकीत म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पहिल्या गुरुवारी मी धाकटीला कडेवर घेऊन ओट्यावरून उतरलो तेव्हा लाजेनं माझे कान तापले होते. जणू काही चोरून न्यावं तशी मी माझी पोरगी नेली.

नदीला तेव्हा पूल जवळ नव्हता. हिवाळा-उन्हाळ्यात उतारानं जायचं, गुडघाभर पाणी असायचं. उजव्या खांद्यावर सायकल, डाव्या खांद्यावर पोरगी, तिच्या दोन्ही मुठींत माझे केस. पलीकडे गेलं की तिला सायकलच्या दांडीवर बसवायचं आणि निघायचं. पहिले दोन-तीन गुरुवार ती माझ्या मानेत तोंड घालून नुसती धापा टाकायची. घरी ती मला "अण्णा, तुमी" म्हणायची, तेही आईनं ढकललं तर. चौथ्या का पाचव्या गुरुवारी, मधल्या धारेत, तिला बरं वाटत होतं, तेव्हा तिनं माझे केस ओढून विचारलं,

"अण्णा, तू घोडा हायस का बैल?"

तू! मी पाण्यातच उभा राहिलो.

"बैल," मी म्हणालो.

"मग मान हालीव."

मी मान हलवली. सायकलचं पायडल कानफटात बसलं. ती अशी हसली, की काठावर कपडे धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. त्या दिवसापासून नदी ओलांडली की मी "तू" आणि परत अलीकडे आलो की "तुमी", हे तिनं आपणहोऊन ठरवून टाकलं. मी काहीच शिकवलं नाही. खोकला तेवढा पुढं शिकवला.

माघात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "बच्ची एकदम ठीक है. अब मत लाना."

पोरगी बरी झाली हे ऐकून तोंड उतरलेला बाप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मी म्हणालो, "साब, फिर से देखो ना."

त्यांनी पुन्हा नळी लावली. "ठीक है, भाई."

"रात को थोडा..."

"थोडा क्या?"

थोडा काहीच नव्हतं. आम्ही बाहेर आलो. हातात औषधाची रिकामी बाटली होती. तेव्हा बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एका दातऱ्याला एक डोस. ती बाटली घेऊन मी बराकीच्या सावलीत बराच वेळ उभा होतो. बाटली रिकामी घेऊन घरी गेलो, की गुरुवार संपले. मग पुन्हा "कुणाची पोरगी रडतीया" सुरू. समोर सरबताची गाडी होती, तिच्यावर गुलाबाच्या लाल सरबताची बरणी. मी गाडीवाल्याला बाटली दिली आणि म्हणालो, "इसमें भर दो."

गाडीवाल्यानं पट्टी बघितली, मला बघितलं, पोरीला बघितलं. "साईं, दिन में कितनी बार पिलाना है?" त्यानं तोंड जराही न हलवता विचारलं.

तिथून आमचे खरे गुरुवार सुरू झाले.

परतताना मी धाकटीला धडा दिला. बुधवारी संध्याकाळी आबा ओट्यावर बसले की खोकायचं. आधी बारीक, मग मोठं, शेवटी डोळे पुसायचे. तिनं एकदा करून दाखवलं. इतकं सुरेख, की मीच घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवला. खोकून झाल्यावर ती खुदकन हसली तेवढं चुकलं, ते मी सुधारून घेतलं.

पुढं पुढं ती माझंही ऐकेना. मंगळवारपासूनच खोकायला लागायची. एकदा तर खोकता खोकता ओट्यावरून लोळत खाली गेली. आबांचा जीव कळवळला आणि राग माझ्यावर निघाला.

"औषदाच्या कारखान्यात जातुस न्हवं तू? आन् घरची पोर तीन-तीन म्हैनं खोकतीया! कसलं औषद करता रं तुमी तिथं?"

"मी बाटल्या धुतो, आबा."

"नुसत्या बाटल्या धुन्याचा पगार देत्यात?"

"व्हय."

"मग बराबर हाय. आत काय भरायचं, ते इसरत असतील."

औषधाची तर वेगळीच तऱ्हा झाली. बाटलीच्या बुचाभोवती मुंग्या जमायला लागल्या. एक दिवस बघतो, तर बायकोनं बाटली पाण्याच्या परातीत मधोमध ठेवलेली. मग एकदा आबांनाच खोकला झाला. त्यांनी मागितलं म्हणून सुनेनं त्यांना दोन दातरे पाजले. दुसऱ्या दिवशी आबा ओट्यावरून गावाला सांगत होते, "कॅम्पातल्या डागदरचं औषद लई गुणकारी. घसा असा मऊ व्हतो! इंगरजांच्या टायमालाबी असं मिळालं न्हाई."

मी आत जाऊन तोंडात उपरण्याचा बोळा घातला.

गुरुवारी आम्ही करायचो काय, असं कुणी विचारलं तर धड सांगता येणार नाही. काही करतच नव्हतो. कॅम्पात निखाऱ्यावर भाजलेला पापड घ्यायचा, तिच्या तोंडाएवढा. त्याला बोटानं दोन भोकं पाडून ती तो तोंडापुढं धरायची आणि "मी कोन हाय?" विचारायची. ओळखलं नाही तर रुसायची, ओळखलं तरी रुसायची, आणि तोवर हनुवटीच्या बाजूनं पापड खाऊन टाकलेला असायचा. मग फाटकापाशी जाऊन आगगाडीला हात करायचा. मग कारखान्याच्या कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली बसायचं. तिथं तिचा आवडता खेळ चालायचा. ती दरवान, मी कामगार.

"पास दाखव."

मी कडुलिंबाचा पाला दाखवायचो.

"ह्यो तुजा न्हाई. जा घरी."

"साहेब, पोटावर पाय देऊ नका."

"रड मग."

मी रडायचो. भर रस्त्यात, चांगला गळा काढून. एकदा आमच्याच खात्यातला एक जण सायकलवरून चालला होता. तो घाबरून उतरला.

"काय राव, काय झालं?"

"दरवान आत सोडत नाही."

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "तुजा पास?"

दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा. तिची खात्री होती, की तो तिच्याच तोंडातून निघतो. कारण एकदा तिनं जांभई द्यायला तोंड उघडलं आणि नेमका भोंगा झाला. मग दर गुरुवारी ती आधीपासून तोंड वासून बसायची. भोंगा थांबला की तोंड मिटून मला म्हणायची, "आज लई जोरात झाला."

मी त्या दिवसांत जितका बोललो तितका आयुष्यात बोललो नाही. खात्यात मला मुका म्हणत. नदीपलीकडच्या त्या पोरीला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, अण्णा गप्पच बसत नाही.

थोरली या सगळ्यात कुठं होती, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्या मनात तेव्हा आलं नव्हतं. ती घरी होती. आईच्या हाताखाली पाणी भरायची, चुलत भावाला सांभाळायची. संध्याकाळी आम्ही परत आलो की धाकटी तिला डॉक्टरांच्या गोष्टी सांगायची. "एवढी मोठ्ठी सुई! आरपार गेली." मी सांगितलेल्या खोट्यात ती आपल्या पदरची भर घालायची. थोरली ऐकून घ्यायची, आणि मग बहिणीच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. गुलाबाचा वास. पापडाचा वास. मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं हे आता लिहून टाकतो.

चैत्रात एका गुरुवारी सकाळी मी सायकल पुसत होतो. आबा ओट्यावर होते, धाकटी तयार होऊन बसली होती. थोरली आतून आली, खांबाला टेकून उभी राहिली आणि खोकली.

वाईट खोकली. धाकटीसारखं तिला जमत नव्हतं. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. घशातून नुसता "खक् खक्" असा कोरडा आवाज, आणि लाजेनं तोंड लाल.

आबा म्हणाले, "आता हिलाबी लागला का?"

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. "लई खोकला हाय, अण्णा," ती म्हणाली. "मलाबी डागदरकडं न्यावं लागंल."

मला काय करायचं होतं? सायकलला दांडी होती, मागं कॅरिअर होतं. थोरली नदीचा उतार माझ्यापेक्षा बरा ओळखायची. मी नुसतं "चल" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आबा, हिला काय झालं न्हाई. ढोंग करतीया."

खोट्या खोकल्यावर तीन महिने मजा मारणारा माणूस हे म्हणाला.

आबा न्यायी माणूस. ते म्हणाले, "ढोंग असंल तर आत्ता कळंल. अडुळशाचा काढा आना. खरा खोकला असंल तर पिईल, ढोंग असंल तर पळंल."

काढा आला. ज्यानं तो प्यायलाय त्यालाच ठाऊक तो कसा असतो. मोठी माणसं नाक धरून अर्धी वाटी घेतात. थोरलीनं वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि घोट घोट करत संपवली. डोळ्यातून पाणी चाललं होतं, पण वाटी खाली घेतली नाही. पिताना वाटीच्या काठावरून ती सारखी माझ्याकडेच बघत होती. वाटी रिकामी करून तिनं आबांपुढं उलटी धरली.

"खरंच हाय रं हिला," आबा म्हणाले. "ने दोघींना."

"नदीतनं दोघींना कसं न्यायचं?" मी म्हणालो.

"मी चालत येते," थोरली म्हणाली. "सायकल बी धरते."

"न्हाई. पुढच्या गुरुवारी बघू."

आणि मी धाकटीला उचलून निघालो. नदीत मागं वळून बघितलं नाही. खांद्यावर सायकल असली की मान वळवता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

बिंग फुटेल म्हणून नेलं नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं मनाशी म्हणत आलो. ते खोटं आहे. आठ वर्षांची पोरगी, पोटात गोष्ट ठेवणारी, तिनं कुणाला सांगितलं नसतं. खरी गोष्ट अशी, की मला ती नको होती. दोघी आल्या असत्या तर त्या बहिणी-बहिणी झाल्या असत्या, आणि मी पुन्हा बाप. थोरलीसमोर मी बैल होऊ शकलो नसतो, रस्त्यावर रडू शकलो नसतो. ती मला "तू" म्हणाली नसती. इतक्या वर्षांत मला एक जागा सापडली होती आणि तिथं दुसरं कुणी यावं असं मला वाटत नव्हतं. मग ते माझंच पोर का असेना.

त्या दिवशी आम्ही मजाही केली. पापड खाल्ला, भोंगा वाजवला. मला काही टोचलं-बिचलं नाही. तेही लिहून टाकतो.

पुढच्या गुरुवारी मी बघू म्हणालो होतो, पण थोरली पुन्हा खोकली नाही. मीही विचारलं नाही. ज्येष्ठात नदीला पाणी आलं, उतार बंद झाला. धाकटीचा खोकला एका दिवसात बरा झाला. त्याचं श्रेय आबांनी डॉक्टरांना दिलं. पुढच्या हिवाळ्यात माझी सुट्टी बदलली, धाकटी शाळेत गेली. थोरलीला तेव्हा तरी नेता आलं असतं. पण ती नऊ वर्षांची झाली होती, आणि आमच्याकडे तेवढ्या पोरीला दांडीवर बसवून गावातून नेत नसत. निदान मी ते कारण पुढं केलं.

आता दोघींची लग्नं होऊन बरीच वर्षं झाली. आबा गेले. थोरली चाकणजवळ महाळुंग्याला दिली, त्यांची कांद्याची शेती आहे. धाकटी पुण्यात असते. मागच्या दिवाळीत दोघी माहेरी आल्या होत्या. धाकटीचा नवरा आपल्या पोराला खांद्यावर बसवून माझ्यासमोर अंगणभर नाचत होता. आमच्या वेळी असं केलं असतं तर आबांनी गाव सोडायला लावलं असतं. मला ते बघून बरं वाटलं.

धाकटी मला चिडवत म्हणाली, "बघा अण्णा, बाप कसा असतो. तुम्ही कधी घेतलंत का आम्हाला असं?"

मी म्हणालो, "तुला घेऊन जायचो की. सायकलवरून. कॅम्पात."

"मला? कधी?"

"तू चार वर्षांची होतीस. नदीतनं जायचो. पापड खायचो."

ती डोळे बारीक करून आठवायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. दरवान, भोंगा, बैल, काहीतरी वर येईल असं वाटत होतं.

"नाही बाई," ती म्हणाली. "काही म्हणजे काही आठवत नाही. तुम्ही बनवून सांगताय."

ओसरीच्या टोकाला थोरली करंज्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही.

"गुरुवारी न्यायचे," ती म्हणाली. "दांडी टोचती म्हणून तिच्यावर टॉवेल गुंडाळायला लागायचा. तो मी बांधून द्यायची."

टॉवेल! मी पार विसरलो होतो. दर गुरुवारी सकाळी दांडीवर टॉवेल बांधलेला असायचा, आणि तो कोण बांधतं हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

धाकटी हसून म्हणाली, "आणि तू कधी गेलीस गं?"

"मी कुठली," थोरली म्हणाली, आणि करंजीची कड मुरडायला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी उठून बाहेर गेलो. दिवाळी संपली, त्या आपापल्या घरी गेल्या. त्यानंतर मी दोनदा एसटीनं महाळुंग्याला जाऊन आलो. ती चहा करते, शेतातलं सांगते, निघताना पिशवीत कांदे भरून देते. मी पावसापाण्याचं बोलतो आणि परत येतो.

थोरलीचा एक गुरुवार मी देणं लागतो. तो अजून दिलेला नाही.